जहाँआराच्या पेट्या

१९५५ साली जुन्नर तालुक्यातल्या कुठल्याही शाळकरी पोराला, ठसक्या कोण म्हणून विचारलं असतं, तर त्यानं आधी डावा खांदा वर उचलला असता, मग घसा खरवडून दोनदा खोकून दाखवलं असतं आणि मगच उत्तर दिलं असतं.

ठसक्या हा एका पडक्या किल्ल्याचा राखणदार. जहाँआरा अन्सार यांच्या कुमार कादंबऱ्यांतला दुष्ट म्हातारा. खोटं बोलायच्या आधी त्याला ठसका लागतो, म्हणून त्याचं नाव ठसक्या. लोखंडी टोकाची काठी आपटत तो चालतो आणि मुलांना जे जे आवडतं, पतंग, बासरी, पाळलेली खार, ते सगळं हिसकावून तळघरात कोंडतो. तारा नावाची तेरा वर्षांची मुलगी आणि तिची टोळी प्रत्येक पुस्तकात त्याची खोड मोडते. शेवटच्या प्रकरणात तो कधी शेणखड्ड्यात पडायचा, कधी त्याच्या मागे आग्यामोहोळ लागायचं. मुलं ते पान पुन्हा पुन्हा मोठ्यानं वाचायची.

पाच वर्षांत अशी पाच पुस्तकं निघाली. पुण्या-मुंबईची मुलं ती दुकानातून घ्यायची. जुन्नर-आंबेगावकडे मात्र ती फुकट मिळायची. जहाँआरा स्वतः बैलगाडीत पत्र्याच्या पेट्या घालून गावोगाव जायची, शाळेच्या गुरुजींच्या हवाली एकेक पेटी करायची आणि सहा महिन्यांनी येऊन जुनी पुस्तकं काढून नवी भरायची. पेटीत इतर लेखकांचीही पुस्तकं असत, नकाशे असत, गोष्टीरूप इतिहास असे. पण ठसक्याची पाचही पुस्तकं प्रत्येक पेटीत दोन-दोन. पुस्तकांतून जे काही मिळे ते सगळं ती या पेट्यांवर घालते, हे लोकांना माहीत होतं. वर्तमानपत्रात तिच्यावर लेख आला होता. ‘सह्याद्रीच्या कुशीतली ज्ञानगंगा’ असं त्याचं नाव होतं. ते वाचून ती हसली होती.

कारण पेट्या कुठल्या गावाला आधी जायच्या हे ती कसं ठरवते, ते त्या लेखात नव्हतं. आळे, ओतूर, खोडद, नारायणगाव. जिथं जिथं पीरमहंमद कागदी आयुष्यभर कागद विकायला गेला होता, ज्या ज्या गावात त्याला लोक तोंडओळखीनं चहा पाजत होते, त्या त्या गावाला पेटी आधी पोचली होती. पीरमहंमद म्हणजे तिचा सख्खा चुलता. डावा खांदा जरा वर, हातात लोखंडी टोकाची काठी. बोलायच्या आधी त्याला ठसका लागायचा.

*

जहाँआराचा बाप अकबर जुन्नरात हातकागद बनवायचा. तागाचे जुने दोर, पोती आणि रद्दी कुटून त्याचा लगदा करायचा, हौदात तो पाण्यात कालवायचा, साच्यावर उचलून ओला ताव भिंतीवर चिकटवायचा आणि वाळला की दगडानं घोटून गुळगुळीत करायचा. ती नऊ वर्षांची असताना तो छातीच्या दुखण्यानं गेला. कारखाना धाकट्या भावाच्या, पीरमहंमदच्या, हाती आला. जहाँआराची आई बिबिजान तिथंच ताव घोटायला बसू लागली.

जहाँआरा मराठी शाळेत जायची. कडा फाटलेले, विकले न जाणारे ताव ती गोळा करायची, दोऱ्यानं शिवून वही करायची आणि लिहायची. तेराव्या वर्षापर्यंत तीन वह्या झाल्या. शिवनेरीवर वाट चुकलेल्या एका मुलीची गोष्ट होती. शाळेतल्या दोन मैत्रिणी रोज मधल्या सुट्टीत पुढचा भाग ऐकायच्या.

एक दिवस ती शाळेतून आली तर चाचा हौदापाशी उभा होता आणि तिन्ही वह्या त्याच्या काखेत होत्या.

“उद्यापास्नं शाळा बंद,” तो म्हणाला.

“का चाचा?”

त्याला ठसका लागला. “घरात काम लई हाय.”

मग त्यानं एकेक वही हौदात टाकली. तिच्या डोळ्यांसमोर, सावकाश. पहिली, दुसरी, तिसरी. शाई सुटली आणि पाणी फिकट निळं झालं. त्यानं ढवळायचा बांबू तिच्या हातात दिला.

“घोळ.”

ती आईकडे बघू लागली. बिबिजान मान खाली घालून ताव घोटत होती. दगडाचा आवाज थांबला नाही.

“घोळ म्हणतो ना!”

तिनं घोळलं. स्वतःच्या तिन्ही वह्या तिनं स्वतःच्या हातानं घोळून लगदा केल्या. चौथ्या महिन्यात तिचं लग्न लावून तिला आंबेगावला पाठवून दिलं. आई दुसऱ्या वर्षी वारली.

नवरा अन्सार हिरड्याचा व्यापारी. डोंगरातली माणसं टोपल्या भरभरून हिरडा आणायची, अंगणात तो वाळत पडलेला असायचा. अन्सार अबोल होता, पण चांगला होता. बायको वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून वाचत बसते हे त्याच्या ध्यानात आलं, तसा तो पुण्याला माल घेऊन गेला की परतताना मासिकं आणू लागला. एकदा कोऱ्या वह्यांचा गठ्ठाच आणला.

“तू मघाशी मोलकरणीला सांगत होतीस ती गोष्ट,” तो म्हणाला, “ती लिहून काढ की.”

तेरा वर्षांचा संसार झाला. मूल झालं नाही. सत्तेचाळीस साली विषमज्वरानं अन्सार गेला. दुकान तिच्यावर आलं. हिरडा घेऊन येणारी डोंगरातली सरूबाई तेव्हा दहा दिवस घरी जायची थांबली, तिला दोन घास खायला घालत राहिली आणि पुढं तिथलीच झाली. त्याच वर्षी जहाँआरानं पहिलं पुस्तक लिहायला घेतलं. शिवनेरीवरची मुलगी पुन्हा लिहावी म्हणून बसली, तर ती मुलगी काही केल्या येईना. आठवतच नव्हती. यायचा तो फक्त चाचा. त्याचा खांदा, त्याची काठी, त्याचा ठसका. मग तिनं त्यालाच लिहिलं, आणि त्याला हरवायला तारा जन्माला घातली.

पुस्तक छापून आलं, पोरांनी डोक्यावर घेतलं. पुण्याच्या प्रकाशकांनी पत्र पाठवलं, ‘तुमचा ठसक्या महाराष्ट्रभर गाजतो आहे.’ तिनं ते पत्र बाजूला ठेवलं. महाराष्ट्राशी तिला काही घेणंदेणं नव्हतं. तिला जुन्नर हवं होतं.

*

जुन्नरला पेटी द्यायचं तिनं मुद्दाम शेवटपर्यंत लांबवलं होतं. छप्पन्न सालच्या जानेवारीत ती दिली; तोवर शेजारच्या गावांतून ठसक्या तिथल्या पोरांपर्यंत आधीच पोचला होता. बाजारापलीकडच्या एका शाळेनं सत्काराचा कार्यक्रम ठेवला. अंगणात मांडव होता, पाचशे मुलं बसली होती. सरूबाई मांडवाच्या कडेला पेटीवर बसून होती. शाळेच्या अंगणाला लागूनच कागदी मोहल्ल्यातून बाजाराकडे जाणारा रस्ता होता. कार्यक्रमाची वेळ विचारली तेव्हा जहाँआरानं सांगितलं होतं, “सकाळी दहा.” चाचा दहाला बाजारात जायला निघतो हे तिला ठाऊक होतं.

हेडमास्तर तिच्या दानशूरपणाबद्दल बोलत होते. ती ऐकत नव्हती, रस्त्याकडे बघत होती.

काठीचा आवाज आधी आला. मग तो दिसला. म्हातारा झाला होता, दाढी पांढरीशुभ्र, पण खांदा तसाच वर. बगलेत कागदाचं भेंडोळं. गिरणीच्या कागदापुढं हातकागद कोण घेणार, तरी तो रोज बाजारात जाऊन बसायचा.

पुढच्या रांगेतल्या एका पोरानं मान वळवली. “ठसक्या!” तो ओरडला. “ठसक्या आला रे!”

पाचशे मुलं एकदम उठली. कुणी खांदा उचलला, कुणी खोकायला लागलं, बघता बघता अख्खं अंगण खोकू लागलं. मास्तर छड्या घेऊन धावले. पीरमहंमद थांबला. हा प्रकार त्याला नवा नव्हता हे त्याच्या उभं राहण्यावरून कळत होतं. पण त्यानं मांडवाकडे नजर टाकली आणि हार घातलेल्या बाईवर ती थांबली. बावीस वर्षांनी चुलत्या-पुतणीची नजरानजर झाली.

त्याला काहीतरी बोलायचं असावं. त्यानं तोंड उघडलं आणि त्याला ठसका लागला.

पोरं हसून लोळायची बाकी राहिली. म्हातारा वळला आणि आल्या वाटेनं परत गेला. जहाँआरानं गळ्यातला हार सारखा केला. छातीत काहीतरी गोड आणि कढत पसरत होतं. इतकं बरं तिला अन्सार गेल्यानंतर कधी वाटलं नव्हतं.

परतताना गाडीत सरूबाई मागं वळून जुन्नरकडे बघत होती. मग म्हणाली, “भाबी, ह्यो माणूस खराच हाय व्हय? मला वाटलं व्हतं तुमी मनानं रचला.”

“खरा आहे.”

“कोण लागतो तुमचा?”

“कुणी नाही,” जहाँआरा म्हणाली.

त्या आठवड्यात तिनं सहावं पुस्तक पुरं केलं. आधीच्या पाचांपेक्षा ते जास्त जहरी होतं. त्यात ठसक्या ताराची वही हौदात बुडवतो आणि शेवटी तारा त्याला त्याच हौदात बुचकळून काढते.

*

मुलांची पत्रं पोत्यानं यायची. सरूबाईला वाचता येत नव्हतं, पण अक्षर बघून ती सांगायची, हे पोरीचं, हे पोराचं, हे मास्तरनं सांगून लिहवलेलं. छप्पन्नच्या डिसेंबरात आलेलं एक पत्र तिनं वेगळं काढलं.

“भाबी, हे बघा. कागद कसा हाय ह्यो.”

हातकागद होता. जहाँआरानं तो बोटांनी चाचपला आणि कुठून आला ते तिला वाचायच्या आधीच कळलं.

‘बाईंना सलाम. माझं नाव चांदबी. मी बारा वर्षांची आहे. पीरमहंमद कागदी माझे दादामियाँ, म्हणजे माझ्या बापाचे बाप. तुमचं नवं पुस्तक मी वाचलं. वही हौदात टाकली ते खरं आहे का असं मी दादामियाँना विचारलं. ते म्हणाले, हो, खरं आहे. मग मी त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाही. पण बाई, वर्गात माझ्या शेजारी कुणी बसत नाही. मी आले की सगळ्या खोकतात. मास्तरीणबाई पण एकदा हसल्या. दिवाळीपासून मी शाळा सोडली आहे. दादामियाँ रोज जा म्हणतात, मी जात नाही. तुम्हाला शाळेतून त्यांनी काढलं. मला तुम्ही काढलं. मीपण आता एक कादंबरी लिहिली आहे. तिच्यातली दुष्ट बाई तुम्ही आहात.’

जहाँआरानं पत्र दोनदा वाचलं. सरूबाईनं विचारलं तेव्हा मोठ्यानं वाचून दाखवलं. मग तिला राग आला, भयंकर राग. एवढीशी पोर, आणि शेवटचं वाक्य कसं फेकून मारलंय! ती उठली, अंगणात गेली, पुन्हा आत आली.

“खोटारडी आहे,” ती म्हणाली. “म्हाताऱ्यानंच लिहवून घेतलं असणार.”

“अक्षर पोरीचं हाय,” सरूबाई म्हणाली. “आन कुणी सांगून लिवलेलं न्हाई.”

चार दिवस ती चिडून राहिली. पाचव्या दिवशी घोडेगावपर्यंत बैलगाडीनं आणि तिथून एस.टी.नं ती जुन्नरला गेली. सरूबाई बरोबर होती. कशाला चाललो हे जहाँआरानं सांगितलं नाही. तिचं तिलाही नीट ठरवता आलं नव्हतं.

*

कारखाना अर्धा बंद होता. एक हौद कोरडा, दुसऱ्यात थोडा लगदा. पीरमहंमद एकटाच साचा धरून उभा होता. तिला बघून त्यानं साचा खाली ठेवला नाही. ताव उचलला, पाणी निथळू दिलं, भिंतीवर चिकटवला. मग म्हणाला, “बस.”

ती बसली नाही.

“चांदबी कुठं आहे?”

“वर. तुझा आवाज ऐकून यील खाली.” ठसका आला, तो त्यानं कष्टानं गिळला. तिच्यासमोर खोकायचं नाही असं त्यानं ठरवलेलं दिसलं. “एक विचारू? त्या वह्यांत काय व्हतं, आठवतं का तुला?”

“शिवनेरीवर हरवलेल्या मुलीची गोष्ट होती.”

“ती दोन वह्यांत. तिसरीत?”

जहाँआरानं भिंतीवरच्या ओल्या तावाकडे पाहिलं. तिसरीतलं तिला खरंच आठवत नव्हतं.

“तिसरीत एक चाचा व्हता. भावजयीला साच्याच्या काठीनं मारनारा. कुठल्या दिवशी, कशावरून, समदं लिवलं व्हतंस. शाळेतल्या पोरींना वाचून दाखवनार व्हतीस.”

हौदाच्या कडेला टेकलेला आईचा हात तिला एकदम दिसला. मनगट सुजलेलं, आणि त्याच हातात घोटायचा दगड. इतकी वर्षं ते कुठं जाऊन बसलं होतं कोण जाणे.

“ते खोटं होतं का, चाचा?”

“खरं व्हतं. म्हणून तर बुडवलं.”

“आणि पहिल्या दोन? त्या का बुडवल्या?”

त्यानं विचार केला. “रागात व्हतो. वेगळ्या काढत बसलो न्हाई.”

सरूबाईनं दारातून आत पाहिलं आणि पुन्हा मान बाहेर काढली.

“एकदा म्हणा, चुकलं,” जहाँआरा म्हणाली. तिचा आवाज तेरा वर्षांच्या मुलीचा झाला होता आणि त्याचा तिला संताप आला. “एकदा तोंडानं म्हणा.”

“म्हनलं तर पुस्तकं माघारी घेशील?”

“नाही.”

“मग कशाला म्हनू?” त्यानं साचा पुन्हा उचलला. “माझं काय लिवायचं ते लिव. मला सवय झाली. पर ह्या पोरीचं काय ते बघ. माझं ती ऐकत न्हाई.”

जिन्यावर चांदबी उभी होती. किडकिडीत, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, हातात जाड वही छातीशी धरलेली. तिनं सलाम केला नाही.

“मला वाचायला दे,” जहाँआरा हात पुढं करून म्हणाली.

“नाही.”

“का?”

“हौद जवळच आहे,” चांदबी म्हणाली.

पीरमहंमद हसला. हसता हसता त्याला ठसका लागला, आणि या वेळी त्यानं तो थांबवला नाही.

शेवटी सरूबाईनं मार्ग काढला. ती मधे बसली, एका बाजूला जहाँआरा, दुसऱ्या बाजूला चांदबी. चांदबीनं वही स्वतःच्या मांडीवर ठेवून मोठ्यानं वाचली. गोष्ट अशी होती: पेटीवाली नावाची एक बाई गावोगाव पत्र्याची पेटी घेऊन फिरते. ती गोड बोलते आणि मुलांना पुस्तकं देते. पण ती ज्याचं नाव पुस्तकात लिहिते तो माणूस दिवसेंदिवस लहान होत जातो. आधी त्याचे जोडे सैल होतात, मग त्याला ताट उचलत नाही, मग शेजारी त्याला ओलांडून जाऊ लागतात. शेवटी तो पेटीत मावेल एवढा होतो आणि बाई त्याला घेऊन जाते. एक मुलगी आपल्या आजोबाला खिशात लपवून पळते, आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते.

वाचून झालं तेव्हा दुपार टळली होती. कुणी चहाचंही नाव काढलं नव्हतं.

“जोडे सैल होतात,” जहाँआरा स्वतःशीच म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, “ही छापायची.”

“माझ्या नावानं?”

“तुझ्या नावानं.”

“आणि पेट्यांमधे ठेवायची. सगळ्या पेट्यांमधे.”

“ठेवू.”

“आणि ठसक्या बंद करायचा.”

“ते होणार नाही,” जहाँआरा ताडकन म्हणाली. “ठसक्या माझा आहे. माझ्या वह्या मला कोण परत आणून देणार आहे?”

“मग मी शाळेत जात नाही.”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. दोघींच्या हनुवट्या सारख्याच पुढं आल्या होत्या.

“खोकला काढा,” चांदबी म्हणाली. “काठी काढा, खांदा काढा. मग तो असू दे दुष्ट. कुणी का असेना.”

“मग तो ठसक्या कसला?”

“तेच तर म्हणते मी.”

जहाँआरानं हौदाकडे पाहिलं. म्हातारा पाठमोरा उभा होता, पण साचा हलत नव्हता. तो ऐकत होता. तिला वाटलं, आत्ता नाही म्हणावं आणि निघून जावं. ते फार सोपं झालं असतं.

“पुढच्या पुस्तकापासून,” ती म्हणाली. “छापलेली सहा परत घेणार नाही.”

“नका घेऊ,” चांदबी म्हणाली आणि वही मिटली.

*

चांदबीचं पुस्तक सत्तावन्नच्या दिवाळीत निघालं. प्रकाशक आधी तयार नव्हते. बारा-तेरा वर्षांच्या पोरीचं, तेही तुमच्यावरच शिंतोडे उडवणारं, असं त्यांनी लिहिलं. जहाँआरानं उलट टपाली कळवलं की हे छापलं नाही तर माझं पुढचं हस्तलिखित दुसरीकडे जाईल.

पुस्तक चाललं. खोडदला तिची बैलगाडी शाळेपाशी थांबली तेव्हा पहिलीतली एक पोर भोकाड पसरून आईच्या लुगड्यात शिरली. पेटीत कोंबतील म्हणून. आळ्याला मोठी मुलं कोपऱ्यावरून ओरडली, “पेटीवाली आली! जोडे बघा रे, सैल झाले का!” जहाँआरा गाडीत ताठ बसून राहिली. पण त्या रात्रीचं जेवण तिला गेलं नाही आणि सहा महिन्यांनी आळ्याची पेटी भरताना तिनं चांदबीचं पुस्तक हळूच बाजूला काढून ठेवलं. सरूबाईनं ते पाहिलं. अक्षरं कळत नसली तरी मुखपृष्ठावरच्या बाईचं चित्र तिला कळत होतं.

“भाबी, हे ऱ्हायलं.”

“राहू दे या खेपेला.”

“शब्द दिलाय तुमी पोरीला.” सरूबाईनं पुस्तक उचलून पेटीत सगळ्यात वर ठेवलं आणि झाकण लावलं.

ठसक्याविना लिहिलेलं सातवं पुस्तक पडलं. नवा खलनायक एक जाडजूड ठेकेदार होता, ना त्याला लकब ना चेहरा. मुलांनी दहा पानं वाचून ठेवून दिलं. प्रकाशकांनी विचारलं, ‘ठसक्या आजारी आहे काय?’ ती टेबलाशी बसायची, तारा यायची, टोळी यायची, आणि त्यांना लढायला समोर कुणी नसायचं. आपण इतकी वर्षं नुसत्या रागावर लिहीत होतो हे तिला तेव्हा कळलं. ते कळून काही सोपं झालं नाही. पेट्या मात्र तिनं थांबवल्या नाहीत. नव्या गावांच्या याद्या करताना चाचाचा बाजार कुठल्या गावात भरायचा हे बघायचं तिनं सोडून दिलं, कारण आता तशी गावंच उरली नव्हती. पेट्या डोंगराकडं जाऊ लागल्या.

चांदबी शाळेत जाऊ लागली. पुढं एकदा जुन्नरच्या गुरुजींनी जहाँआराला कौतुकानं सांगितलं की आता कुणी तिला चिडवत नाही. कुणी खोकलंच, तर ती शांतपणे वळून एवढंच म्हणते, “तुझं नाव काय? लिहून घेते.” आणि सगळा वर्ग चिडीचूप होतो. गुरुजी हसले. जहाँआराला हसू आलं नाही.

*

अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात चांदबीचं दोन ओळींचं पत्र आलं. ‘दादामियाँचं जास्त आहे. यायचं तर या.’

मढच्या शाळेत पेटी द्यायचा दिवस ठरलेला होता. पेटी गाडीवर चढवून जहाँआरा आणि सरूबाई आधी जुन्नरला गेल्या. घरात बायाबापड्या जमल्या होत्या. पीरमहंमद खाटेवर होता, खूप लहान दिसत होता. चांदबी उशाशी बसली होती. तिनं जरा सरकून जागा केली.

मोहल्ल्यातली एक वयस्क बाई प्रत्येकाला पुढं बोलावत होती. मरणाऱ्या माणसाला माफ करायची रीत होती. लोक यायचे, हात हातात घ्यायचे, “कहासुना माफ” म्हणायचे आणि बाजूला व्हायचे. शेजारी आले, जुनी गिऱ्हाइकं आली. मग ती बाई जहाँआराकडे वळली.

“बेटी, तूही म्हण. एवढंच उरलंय आता.”

खोलीत सगळ्यांना सगळं माहीत होतं. सहा पुस्तकं सगळ्यांच्या घरातल्या पोरांनी वाचली होती.

“त्यांनी मागितली तर,” जहाँआरा म्हणाली.

कुणीतरी च्चक् केलं. चांदबी हलली नाही. म्हाताऱ्यानं डोळे उघडले आणि पुतणीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याला समजत होतं. तो काय म्हणतो म्हणून सगळे पुढं झुकले.

“पाणी,” तो म्हणाला.

चांदबीनं वाटी उचलली. त्यानं बोट हलवलं, तिच्याकडे नाही, जहाँआराकडे. चांदबीनं वाटी तिच्या हातात दिली. जहाँआरानं चमच्यानं त्याला पाणी पाजलं. एक, दोन, तीन चमचे. चौथा ओघळून दाढीत गेला, तो तिनं पदरानं टिपला. मग वाटी खाली ठेवली आणि उठली.

गाडी मढच्या वाटेला लागली. दोन तास गेले असतील. सरूबाईला राहवेना.

“केलं का माफ?”

“नाही.”

“आन त्यांनी मागितली?”

“नाही.”

“मग पाणी कसं पाजलं?”

“तहान लागली होती त्यांना,” जहाँआरा म्हणाली.

पीरमहंमद दुसऱ्या दिवशी गेला. बातमी पोचली तेव्हा ती मढच्या शाळेच्या ओट्यावर बसून डोंगरातल्या पोरांना पुस्तकं काढून दाखवत होती. तिनं हातातलं पुस्तक पुरं दाखवलं, पेटीची किल्ली गुरुजींना दिली आणि मग विचारलं, जुन्नरला जायला बैलगाडीपेक्षा जलद आत्ता काही मिळेल का.